बेटकुळी

९ डिसेंबर २०२२. कडेगावला शिक्षण परिषद होती, ती आटोपून मोटरसायकलवरून विट्याला घरी निघालो होतो. पावणेसात वाजले असतील. हिवाळ्यात तोवर मिट्ट काळोख पडतो. समोरून एक ट्रक अप्पर लावून आला आणि क्षणभर डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. तो गेला तेव्हा माझ्यापुढे आठ-दहा फुटांवर उसाची ट्रॉली होती. उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाक पंक्चर झालं म्हणून ट्रॅक्टरवाला दगड लावून थांबला होता, हे नंतर कळलं. मी ब्रेक दाबला, हँडल डावीकडे ओढलं. डोकं ट्रॉलीच्या बाजूने निसटलं, पण उजवा खांदा तिच्या लोखंडी कोपऱ्यावर बसला आणि मी कडेच्या मुरमात हेल्मेटवर आपटलो.

त्या क्षणात नेमकं काय घडलं ते अडीच महिन्यांनी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी मला हाताने करून दाखवलं. खांदा ट्रॉलीला अडला, डोकं मात्र डावीकडे पुढे गेलं. मान आणि खांदा एकाच झटक्यात विरुद्ध दिशांना ओढले गेले. मोटरसायकलवरून पडणाऱ्यांचं असंच होतं, म्हणाले, म्हणून ही इजा घेऊन येणारे बहुतेक दुचाकीवालेच असतात, आणि बहुतेक पंचवीस-तिशीच्या आतले. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.

रस्त्यावर पडलो होतो तेव्हा शुद्धीत होतो. ट्रॅक्टरवाला आणि ऊसतोडीची दोन-तीन माणसं धावत आली. ‘सर, उठा, उठा’ म्हणत बखोटीला धरून उठवायला लागली. तेवढ्यात दुधाचा टेम्पो थांबला. त्या ड्रायव्हरने सगळ्यांना बाजूला केलं, ‘उचलू नका, मानेला लागलं असंल,’ म्हणाला, आणि १०८ ला फोन लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो माझ्या डोक्याशी उकिडवा बसून बोलत राहिला. मुलं किती, शाळा कुठली, कितवीला शिकवता. नाव मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही, पोलिसांचं लचांड नको म्हणून. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, साक्षीला ओढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच मार्गदर्शक सूचनांना मान्यता देऊन पक्कं केलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं. हे त्याला ठाऊक असतं तर मला आज त्याच्या घरी जाता आलं असतं.

दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ निघाला. हेल्मेटच्या हनुवटीकडचा भाग खडबडीत झाला होता, रंग उडून आतलं पांढरं दिसत होतं. तिथल्या डॉक्टरांनी ते हेल्मेट हातात फिरवून बायकोला दाखवलं आणि म्हणाले, हे नसतं तर हा चेहरा तुम्हाला ओळखता आला नसता. उजव्या बाजूची कॉलर बोन मोडली होती. गुडघ्याला टाके, बाकी मुका मार. एमएलसी, म्हणजे दवाखान्याने पोलिसांसाठी करायची नोंद, झाली, पोलीस जबाब घेऊन गेले. ‘हात उचला’ म्हणाले, उचलला नाही. ‘हाड मोडलंय, दुखतंय म्हणून उचलत नाही’ असं सांगून हात झोळीत बांधला आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

पण मला आत कुठेतरी कळत होतं. दुखण्याने हात उचलला न जाणं वेगळं. तिथे तुम्ही जोर लावता, कळ येते आणि तुम्ही थांबता. इथे जोरच लागत नव्हता. मी ‘वाक’ म्हणायचो आणि कोपराला ते ऐकूच जात नव्हतं. बोटं हलत होती, मूठ वळत होती, मनगट चालत होतं. म्हणून सगळ्यांनी म्हटलं, बोटं हलतात म्हणजे काही नाही. खांद्याच्या बाहेरच्या अंगाला आणि अंगठ्याला मात्र स्पर्श कळत नव्हता, आणि त्याच बधिर अंगठ्यात रात्री निखारा धरल्यासारखी आग व्हायची. मधूनच विजेचा झटका बसावा तसा मानेपासून अंगठ्यापर्यंत एक चटका जायचा. ज्या जागी चिमटा काढला तर कळत नाही त्याच जागी इतकं दुखतं, हे मी घरच्यांना पटवून देऊ शकलो नाही. आई रात्री उठून अंगठ्यावर ओलं फडकं ठेवायची.

सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं. झोळी सोडली आणि हात कडेला लटकला, ओल्या टॉवेलसारखा. चालताना तो स्वतःच्या वजनाने हिंदकळायचा आणि मांडीवर आपटायचा. त्या डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, ‘नस दबलीये, वर्षभरात येईल’ म्हणाले आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ‘वर्षभर’ हा शब्द त्यांनी ज्या सहजपणे उच्चारला, त्याच शब्दापायी माझा हात कायमचा जाणार होता. हे सगळं लिहायला मी बसलो आहे तो त्या एका शब्दासाठी.

वाचवलं ते विट्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. जेमतेम पंचविशीच्या असतील. खांदा आखडू नये म्हणून व्यायाम घ्यायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खांद्याचा गोल भाग चाचपला. तिथलं मांस इतकं वितळलं होतं की हाडाचा कोपरा वर दिसत होता. दंडाला हात लावून कोपर वाकवायला सांगितलं. दोन मिनिटं झाली आणि त्यांनी हात मागे घेतला. ‘सर, मी आज व्यायाम देत नाही. हे खांद्याचं दुखणं नाही, मानेतून निघणाऱ्या नसांचं आहे. आधी पुण्याला जा, नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवा. आणि याच आठवड्यात जा.’ त्या दिवशीची फीसुद्धा त्यांनी घेतली नाही.

घरात त्यावरून दोन दिवस बोलणं झालं. चुलत्यांचं म्हणणं, सांगोल्याकडे एक जण मालिश करून पडलेले हात उठवतो. बायको एरवी मोठ्यांपुढे फार बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, ‘मालिश नंतर कधीही होईल. अहो, आधी पुणे.’

पुण्यातल्या सर्जननी तपासायला पाऊण तास घेतला. आधी हाताकडे पाहिलंच नाही, डोळ्यांकडे पाहिलं. उजवी पापणी उतरलीये का, उजवी बाहुली डावीपेक्षा बारीक झालीये का. सगळ्यात खालच्या नसा मुळाशी तुटल्या की डोळ्यावर तशी खूण उमटते. माझ्यात ती नव्हती. मग कॉलर बोनच्या वर, मानेच्या कडेला बोटाने टिचक्या मारल्या. ‘हातात मुंग्या पळतात का?’ नाही. पुन्हा मारल्या. नाही. मुंग्या न येणं म्हणजे चांगलं, असं मला वाटत होतं. ते उलटं होतं. नस वाटेत कुठे तुटली असेल तर तिचं टोक जिवंत असतं आणि टिचकी मारली की हातात मुंग्या जातात. मुळापासून उपटली असेल तर काहीच जात नाही. मानेचा एमआरआय झाला, ईएमजी झाली. ईएमजीत स्नायूंत बारीक सुई घालून त्यांच्यातली वीज ऐकतात. यंत्राच्या स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडावा तसा तडतड आवाज येतो. माझ्या डाव्या दंडावर तो आवाज ऐकला. उजव्या दंडात सुई घातल्यावर कोपर वाकवायला सांगितलं, तेव्हा त्यातलं काही आलं नाही. नुसते तुरळक टकटक आवाज. तुटल्या नसेचा स्नायू एकटा पडला की असं करतो, असं तंत्रज्ञाने सांगितलं.

मानेच्या मणक्यांतून चार आणि छातीच्या पहिल्या मणक्यातून एक, अशा पाच मोठ्या नसा निघतात. कॉलर बोनच्या मागे त्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यातून अख्ख्या हाताचा कारभार चालतो. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. माझ्या वरच्या दोन नसा मज्जारज्जूपासूनच उपटल्या होत्या. खांदा उचलणं आणि कोपर वाकवणं त्या दोघींकडे असतं. खालच्या तिन्ही शाबूत, म्हणून बोटं चालत होती. मी विचारलं, तुटलेल्या पुन्हा शिवता येत नाहीत का? डॉक्टर मूळचे गावाकडचे होते. म्हणाले, ‘गुरुजी, तार खांबांच्या मध्ये तुटली तर जोड देता येतो. डीपीतूनच उखडली तर कशाला जोडणार? मग शेजारच्या डीपीवरून एक फेज ओढायचा.’

ऑपरेशन तेच होतं. कोपराला आतून लागलं की झिणझिण्या येतात ती नस दंडाच्या आतल्या बाजूने हातात उतरते. जाडसर दोरीत पेड असतात तसे तिच्यात पेड असतात. त्यांतला एक पेड, जो नसला तरी पंजाचं अडत नाही असा, यंत्राने तपासून वेगळा करायचा आणि तिथेच शेजारी असलेल्या, बेटकुळीच्या मेलेल्या नसेला शिवायचा. ओबर्लिन नावाच्या फ्रेंच सर्जनने १९९४ साली ही पद्धत मांडली. खांदे उडवण्याच्या नसेची एक फांदी खांद्याच्या एका स्नायूला, कोपर सरळ करण्याच्या नसेची एक फांदी दुसऱ्या स्नायूला. असे तीन जोड, सगळे सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने.

आणि मग त्यांनी घड्याळ समजावलं. शिवलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला इंचभर. स्नायू तिची वाट पाहतो, पण कायम पाहत नाही. वर्ष-दीड वर्षात त्याची नस धरून घ्यायची जागाच नाहीशी होते, मांसाची चरबी होते, आणि मग कितीही सुंदर शिवण घातली तरी उपयोग नाही. म्हणून पहिले तीन महिने आपोआप काही येतंय का पाहायचं, आणि नाही आलं तर तीन ते सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करायचं. माझ्यासारख्या मुळातून उपटलेल्या नसांत तर वाट पाहण्यात काहीच हाशील नाही. वर्षभर थांबलो असतो तर दार बंद झालं असतं.

ते बंद दार मी त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर पाहिलं. बार्शीकडचा एक मुलगा बसला होता, एकवीस-बावीस वर्षांचा. डावा हात जीन्सच्या खिशात. मला वाटलं, सवय असेल. नंतर कळलं, हात लटकताना दिसू नये म्हणून घरून निघतानाच उजव्या हाताने तो खिशात घालून यायचा. मित्राच्या गाडीवर मागे बसला होता. चौदा महिने झाले होते. पाच महिने मालिश, मग कुठल्याशा लेपाचे पट्टे, मग ‘येईल, येईल’. आतून बाहेर आल्यावर त्याच्या वडिलांनी मला विचारलं, ‘मास्तर, तुमचं किती महिने झालं?’ अडीच, म्हटलं. ते काही बोलले नाहीत, माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. मुलासाठी मांडीतला स्नायू काढून दंडात बसवण्याचा मार्ग उरला होता. तेही होतं, पण फार मोठं काम, आणि हाती लागतं त्या मानाने थोडं.

आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. ११ एप्रिल २०२३ ला ऑपरेशन झालं, सात तास. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी झोपलेलो होतो. नंतर तीन आठवडे हात छातीशी बांधलेला.

त्यापुढचे महिने ऑपरेशनपेक्षा कठीण गेले, कारण काहीच घडत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बायको माझा हात धरून खांदा फिरवायची, कोपर उघडझाप करायची, सांधे आखडू नयेत म्हणून. व्यायामाच्या मॅडमनी एक गोष्ट शिकवली होती: मूठ घट्ट आवळायची, आणि आवळताना मनात कोपर वाकवायचं. कारण बेटकुळीला आता मुठीचा पेड जोडला होता, मेंदूने मुठीला हुकूम दिला की तो तिथेही जाणार. दिवसाला दोनशे वेळा. मी परिपाठाला उभा असताना मूठ आवळायचो, एसटीत बसल्यावर आवळायचो. फळ्यावर डाव्या हाताने लिहायला शिकलो. दुसरीच्या मुलांबरोबर मीही अक्षर घोटत होतो आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. शर्टाची बटणं लावता यायची, बोटं होतीच, पण गळ्यापर्यंत हात न्यायला डाव्या हाताने उजवा उचलावा लागायचा.

२० ऑगस्ट, रविवार. पेपर वाचत पडलो होतो आणि सवयीने मूठ आवळत होतो. धाकटी लेक शेजारी माझ्या दंडावर डोकं ठेवून लोळत होती. एकदम उठून बसली. ‘पप्पा, आत काहीतरी उडालं.’ मी म्हटलं, काही नाही. ‘पुन्हा मूठ करा.’ केली. तिने आपली चारही बोटं दंडावर दाबून धरली होती आणि डोळे मिटले होते. ‘उडालं! बेटकुळी आहे, पप्पा!’ मी डाव्या हाताने चाचपलं. कातडीखाली, अगदी खोल, पाण्यात लहान मासा वळावा तेवढंच काहीतरी हललं. मूठ सोडली की थांबलं, आवळली की पुन्हा हललं. बायकोला हाक मारली, ती पिठाच्या हातांनी आली आणि माझ्या दंडावर पिठाची बोटं उमटली. त्या दिवशी आम्ही दहा-बारा जणांना दंड दाखवला. बाहेरून कुणालाही काही दिसत नव्हतं, प्रत्येकाला हात लावून पाहावं लागत होतं.

स्नायूच्या ताकदीला शून्य ते पाच गुण देतात. ते फडफडणं म्हणजे एक. डिसेंबरमध्ये टेबलावर हात आडवा ठेवून घसरवत कोपर वाकायला लागलं, ते दोन. मार्च २०२४ मध्ये हाताच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध वाकलं, ते तीन. उजव्या हाताने भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेला तेव्हा आई चुलीपुढून उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सुरुवातीला मूठ आवळल्याशिवाय कोपर वाकत नसे, म्हणजे पाण्याचा पेला उचलायचा तर तो करकचून धरावा लागे. हळूहळू मेंदूने नवी वाट ओळखली. आता मूठ उघडी ठेवूनही वाकतं. अंगठ्यातली आग कमी झाली आहे, गेलेली नाही. थंडीत वाढते.

नुकसानभरपाईच्या दाव्याचं थोडक्यात सांगतो. मागून मी धडकलो म्हणून चूक माझी, असं विमा कंपनीचं म्हणणं. अंधारात विनादिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी होती, हे पंचनाम्यात लिहिलेलं असल्यामुळे आमची बाजू उभी आहे. वकिलांनी सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करून घेतला. तारखा चालू आहेत. पंचनाम्याची प्रत आणि पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद बायकोने एका फाइलमध्ये लावून ठेवला होता, त्याचं मोल आता कळतंय.

माझा अपघात झाला त्या २०२२ सालात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली जवळपास पंच्याहत्तर हजार दुचाकीवरची, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. जखमी ४,४३,३६६. त्या आकड्यात मी एक. कुणाचा गुडघ्याचा टाका आणि कुणाचा आयुष्यभर लटकणारा हात, दोन्ही त्याच एका रकान्यात. म्हणून जिथे संधी मिळते तिथे मी सांगतो. आमच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत सांगितलं, साखर कारखान्याच्या गेटवर हंगामाआधी ट्रॅक्टरवाल्यांना रिफ्लेक्टर चिकटवत होते तिथे जाऊन सांगितलं. गाडीवरून पडल्यावर हाड जुळलं तरी खांदा किंवा कोपर हलत नसेल, बोटं हलत असली तरीही, तर महिन्याच्या आत नसांच्या सर्जनला दाखवा. ईएमजी पहिल्या तीन आठवड्यांत नीट काही सांगत नाही, त्यानंतर करा. तोवर सांधे हलते ठेवा. मालिश करणाऱ्याकडे जायचंच असेल तर दाखवून आल्यावर जा. आतापर्यंत तिघांचे फोन आले. त्यांतला एक सातव्या आठवड्यात पुण्याला पोहोचला.

खांदा मात्र अजून पुरता वर जात नाही. हात छातीच्या थोडा वर येतो, तिथे थांबतो. फळ्याचा खालचा अर्धा भाग माझा, तिथे उजव्या हाताने लिहितो, अक्षर जवळजवळ पहिल्यासारखं वळतं. वरच्या ओळीतला दिनांक आणि सुविचार सातवीतली एक उंच मुलगी रोज सकाळी येऊन लिहून जाते.